दसऱ्याच्या पुड्या

“साऱ्या सायखेड्याला ठाऊक, अन् सासूलाच नाय! असली कसली ही सून?”

ओसरीवर शेवंती निवडता निवडता मालनबाई कडाडल्या. छायाच्या गोष्टीच्या पुस्तकाला मुलांच्या पुस्तकांचं मोठं बक्षीस मिळालं, हे त्यांना शेजारच्या सखुबाईनं सांगितलं... तेही पिठाच्या गिरणीत, चारचौघींत!

छाया मान खाली घालून हार ओवीत राहिली.

“भाग्यश्री, आण ते पुस्तक. वाच मोठ्यानं. बघू, काय दडवलंय तुझ्या आईनं!”

नात वाचू लागली. पुस्तकात फुलं विकणारी एक आजी होती. दसऱ्याच्या गर्दीत पुड्या बांधायचा कागद संपला, गिऱ्हाईकं ओरडू लागली, कुणीतरी नातीची गोष्टींची वही ओढली, तर आजीनं झडप घालून ती पोटाशी धरली. ‘पदर फाडीन, पण माझ्या लेकराची अक्षरं फाडू देणार नाय!’

मालनबाईंच्या हातातलं फूल तिथंच थांबलं...

नऊ वर्षांपूर्वीचा दसरा! नाशिकचा फूलबाजार, संपलेला कागद आणि फुलांच्या पाटीत सापडलेली छायाची वही! दोन यत्ता शिकलेल्या मालनबाईंच्या लेखी लिहिलेलं पान म्हणजे संपलेलं पान. लिहिलेलं एकेक पान त्यांनी टराटरा फाडलं, झेंडूच्या पुड्या बांधल्या, आणि मागची कोरी पानं तेवढी जपून घरी आणली. “घे, तुझी कोरी पानं वाचवली!” असं वर तोऱ्यात म्हणाल्याही होत्या. सुनेनं ती पानं मुकाट्यानं कपाळाला लावली होती... आणि त्यावरच पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसली होती!

“म्हणून दडवलंस व्हय गं?” मालनबाईंचा आवाज चिरकला.

“तुमच्या जिवाला लागलं असतं, आत्याबाई...” छायाचे डोळे भरून आले. “घरातलं माणूस उघडं कसं पाडू?”

जिची अक्षरं आपण बाजारात वाटली, तिनंच आपली लाज पदराखाली झाकली! मालनबाईंचं अंतःकरण शरमेनं विदीर्ण झालं. त्या सरकत सरकत सुनेजवळ गेल्या, तिच्या हातातला हार बाजूला ठेवला, आणि भाग्यश्रीच्या देखत खणखणीत बोलल्या,

“छाया, तू लिहितेस लय ग्वाड, पण हाय खोटारडी! पुन्हा छापशील तवा दुरुस्त कर. वही म्हातारीनंच फाडली, असं लिही, अन् खाली माझं नाव घाल. त्यापायी बक्षीस माघारी मागायला कुणी आलंच, तर त्याला माझ्याकडं धाड!”