डोळ्यातली खिडकी

रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं. गुरुवार संपून शुक्रवार लागलेला. जागा, बंद पडलेल्या एका शिंप्याच्या दुकानावरची भाड्याची खोली. वारा नव्हता, पाऊस नव्हता, कुत्रंही रडत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण भुताच्या गोष्टीत तुम्हा पोरांना ते लागतं. मी चाळीस वर्षं बातमीदारी केली, पदरचा मीठमसाला कधी घातला नाही. आज पानं छपाईला गेलीत, चहा संपलाय, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

त्या खोलीत माझा भाचा बसला होता. धाकट्या बहिणीचा मुलगा. घरात त्याला सगळे सुरकुती म्हणतात. संगणकावर माणसाचे चेहरे घडवायचे, हा त्याचा धंदा. कुंभारासारखा आधी गोळा, मग नाकडोळे, मग कातडीची एकेक सुरकुती, आणि शेवटी त्यावर असा प्रकाश सोडायचा की बघणाऱ्याने शपथेवर सांगावं, हा फोटोच आहे. पहिली दोन वर्षं तो आपली चित्रं परक्या जाणकारांपुढे टाकायचा आणि ते त्याला सोलून काढायचे. 'हा माणूस आहे की मेणबत्ती?' असं एकाने लिहिलं तेव्हा पठ्ठ्या दोन दिवस जेवला नव्हता. मग शिकला. म्हणायचा, "मामा, टीका म्हणजे फुकटची शिकवणी." कुणी चूक दाखवली की आधी दुरुस्त करायची, राग नंतर. ही त्याची सवय लक्षात ठेवा.

आता काम काय होतं ते ऐका. वर्षापूर्वी एका रंगाच्या कारखान्यात आग लागली. नऊ माणसं गेली. ती बातमी माझी होती. मागचं दार बाहेरून बंद होतं, असं वाचलेल्या दोघांनी मला सांगितलं. कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, दार उघडं होतं, आणि मी तर त्या रात्री परगावी होतो. आगीत दाराचा सांगाडा वाकून पडला. कडी लावलेली होती का, हे सांगणार कोण? गेलेल्यांत रात्रपाळीचे शिफ्ट-इन्चार्जही होते. वर्ष झालं त्या शुक्रवारी नऊही कुटुंबांची बैठक होती, तक्रार चालू ठेवायची की मागे घ्यायची हे ठरवायला. आणि व्यवस्थापकांना त्या बैठकीत मोठ्या पडद्यावर मेलेला शिफ्ट-इन्चार्ज बोलताना दाखवायचा होता. तीन वाक्यं. दार उघडं होतं. मीच परत आत गेलो. कुणाला दोष देऊ नका.

मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटी साक्ष! आणि तोंड घडवणार माझा भाचा!

"सोड हे काम," मी म्हटलं.

"मामा, मी फक्त चेहरा करतो. वाक्यं त्यांची."

"विष विकणाराही हेच म्हणतो, मी फक्त बाटली दिली."

ऐकलं नाही. तीन दिवस आम्ही बोललो नाही.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तो त्या शिफ्ट-इन्चार्जच्या बायकोकडे गेला. नेलेले जुने फोटो परत द्यायचे होते, आणि चेहरा जमलाय का तेही विचारायचं होतं. काकूंनी चष्मा लावून लॅपटॉपकडे बराच वेळ पाहिलं.

"छान आहे रे. कुणाचा आहे?"

"काकांचा!"

"ह्यांचा?" काकू हसल्या. "अरे, आंघोळ घालून, पावडर लावून बसवलंस की त्यांना. असे कुठे बसायला ते!"

"मग चुकलंय काय ते सांगा ना. व्यवस्थापक साहेबांनी तुमच्या फोनवर एक पान पाठवलंय. चित्रावर बोट ठेवलं की तिथे लाल गोल उमटतो. मग लिहायचं, हे चुकलं, ते चुकलं. पान आपल्या तिघांनाच दिसतं. तुम्ही, मी आणि साहेब."

"बघते हं."

'बघते हं' म्हणजे नाही, एवढं माझ्या भाच्याला तिशी उलटली तरी कळत नाही. तो खूश होऊन परतला.

एक चाळीसला पहिला लाल गोल उमटला. काकूंच्या नावाने.

'डावी भुवई मधे तुटलेली.'

घरातले सगळे फोटो उजव्या बाजूने काढलेले. त्याला हे कळणार कसं? त्याने भुवई तोडली. चेहरा एकदम माणसाचा दिसायला लागला.

'दोन्ही डोळे सारखे केलेस. उजवा बारीक हवा.'

केला. पोरगा खुशीत आला. असा गुरू त्याला जन्मात भेटला नव्हता.

'कातडी कोरडी आहे. घाम हवा.'

घाम दिला.

'घाम खाली ओघळत नाही. आडवा वाहतो. गाल जमिनीला टेकलाय.'

इथे तो थबकला. धुरात माणूस जमिनीशी तोंड नेतो, तिथे हवा थोडी जास्त टिकते. त्याला वाटलं, बिचारीने प्रेत पाहिलं असणार, झोप लागत नसणार.

'पुढचे केस जळके.'

'ओठ फाटलेले. पाणी मागितलं होतं.'

'हे तोंड ती तीन वाक्यं बोललं नाही. बंद कर.'

दोन पस्तीसला त्याने काकूंना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला.

"काकू, पुरे आता. इतकं नका आठवू."

"कोण? बाळा... किती वाजले?"

"तुम्ही लिहिताय ना, त्या पानावर."

"मी? अरे, मला कुठलं जमतंय ते. उघडलंसुद्धा नाही मी. झोपले होते..."

फोन कानाला होता. काकू बोलत होत्या. आणि समोर नवा गोल उमटला.

डाव्या डोळ्यावर.

'डोळ्यात खिडकी आहे. तिथे खिडकी नव्हती.'

हे जरा समजावून सांगतो. तुमच्या कुठल्याही फोटोत डोळ्याच्या बुबुळात समोरचं काहीतरी चमकतं. खिडकी, दिवा, फोटो काढणारा. चित्रात ते नसेल तर डोळा मेलेला दिसतो. म्हणून हे कारागीर सवयीने तिथे एक खिडकी ठेवून देतात. कुठलीही. खोटी.

भाच्याने ती काढली. घाबरला होता. तरी काढली. कारण सूचना बरोबर होती.

'समोर काय होतं ते तुला माहीत नाही. राहू दे. मी टाकतो.'

यंत्र आपोआप चित्र घडवू लागलं...

तीन दिवसांचा अबोला मोडून त्याने मला फोन केला. "मामा, या." एवढंच. तीन वाजून दहा मिनिटांनी मी जिना चढलो. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. मी पडद्याकडे गेलो.

चित्र दाण्यादाण्याने साफ होत होतं. पडदाभर एकच डोळा. त्यात एक बंद दार. दाराला काचेची उभी पट्टी. काचेमागे... कुणीतरी.

आम्ही थांबलो.

आणखी साफ झालं. खांदे. टाय. एक हात कडीवर. मग चेहरा. या चेहऱ्यासमोर मी वर्षभरापूर्वी पत्रकार परिषदेत बसलो होतो. परगावी होतो, म्हणणारा चेहरा.

तो काचेतून आत बघत होता. घाईत नव्हता.

"हे मी केलं नाही," भाचा म्हणाला. "मामा, आईशप्पथ..."

"गप."

पानाच्या कोपऱ्यात दोन हिरवे ठिपके होते. पान कोण बघतंय ते दाखवणारे. एक काकूंच्या नावाचा. दुसरा व्यवस्थापकांचा. बैठकीच्या तयारीसाठी ते रात्रभर आपल्या केबिनमध्येच बसणार होते, हे भाच्याला ठाऊक होतं.

शेवटचा गोल उमटला. तो भाच्यासाठी नव्हता.

'साहेब, तुम्ही तिथे होतात. काही चुकलं असेल तर सांगा.'

एक मिनिट.

मग साहेबांच्या नावाने अक्षरं आली.

'कोण आहे'

मग,

'दार उघड'

'दार उघड'

'दार'

तीन सव्वीसला त्यांचा ठिपका विझला. मग काकूंचा.

मी पोलिसांना फोन केला. ड्यूटीवरचा म्हणाला, "साहेब, झोपा आता." मग साहेबांच्या कार्यालयाच्या रखवालदाराला फोन करून उठवलं. चार वाजता तो वर गेला. व्यवस्थापक केबिनच्या दाराशी आतल्या बाजूला मरून पडले होते, गाल जमिनीला लावून. दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती. रखवालदाराने एका बोटाने ढकललं.

बैठक झाली. पडदा कोरा राहिला. भाचा नऊ कुटुंबांसमोर उभा राहिला आणि मेलेल्या शिफ्ट-इन्चार्जच्या तोंडून कोणती वाक्यं वदवून घेणार होते ते त्याने वाचून दाखवलं. तक्रार चालू आहे. चित्र आम्ही तपास अधिकाऱ्याला दिलं. तो म्हणाला, संगणकावर काय हो, काहीही करता येतं. खरं आहे. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

काय रे, तुलाही तसंच वाटतं? मघाशी सगळ्यात मोठ्याने तूच हसत होतास ना?

मग व्यवस्थापकांच्या शवविच्छेदनाचा अहवालही संगणकावर केला असेल! तो मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय. श्वासनलिकेत काजळी. दोन्ही फुफ्फुसांत काजळी. मृत्यू धुराने गुदमरून. केबिनचे पांढरे पडदे तसेच पांढरे होते. गालिच्यावर जळाल्याचा डाग नाही. छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा चालू स्थितीत होता, आणि तो वाजला नव्हता. मी त्या डॉक्टरांना तीनदा लेखी विचारलं, पोलिसांना दोनदा. अहवालात 'धुराचा उगम' असा एक रकाना आहे. तो आजही कोरा आहे.