तिसरं पिंप

वादळ जाऊन तीन दिवस झाले होते, आणि सखारामकाकांच्या पडवीत पिण्याच्या पाण्याचे दोनच कॅन उरले होते.

अक्षयाने सकाळी उठल्या उठल्या ते पुन्हा मोजले. दोनच. दहा-दहा लिटरचे. घरात माणसं पाच. काका, दमयंतीकाकू, त्यांचा अकरा वर्षांचा समर्थ, सुट्टीत रत्नागिरीहून पावसला आलेली ती स्वतः, आणि झारा. झाराचं घर तासभर अंतरावर, खाडीकाठच्या वाडीत. ती कॅरम खेळायला आली आणि वादळ सांगितल्यापेक्षा अर्धा दिवस आधीच येऊन धडकलं, त्यामुळे ती इथेच अडकली होती. रस्त्यात झाडं आडवी, वीज गेलेली, मोबाइल मुके. विहिरीत पऱ्याचं, म्हणजे शेजारच्या ओढ्याचं, लाल गढूळ पाणी शिरलेलं.

काकूंच्या पायावर वादळात कौल पडलं होतं. पाय सुजून भोपळा झालेला, म्हणून पाण्याचा कारभार त्यांनी अक्षयाकडे सोपवला होता. पाणी उकळून, गार करून, क्लोरीनचे थेंब टाकून भरलेलं. प्रत्येक कॅनवर तारखेची चिठ्ठी. झाकण घट्ट. आत हात बुडवायचा नाही. माणशी दिवसाला तीन लिटर, पिणं आणि जेवण मिळून. अक्षया ते अगदी काटेकोरपणे बघत होती, आणि तरी रोज रात्री उठून कॅन पुन्हा हलवून बघत होती.

"कॅन संपले तर संपले, पिंपं आहेत की," असं काका सारखं म्हणत. पडवीच्या कोपऱ्यात दोनशे लिटरची दोन निळी पिंपं होती. काकांनी ती वादळाच्या आदल्या दिवशी कुठूनशी आणून, धुऊन भरली होती. आज दुपारी पहिलं पिंप उघडायचं ठरलं होतं.

त्या पिंपाच्या तोटीतून थेंब थेंब गळत होतं. खाली फरशीवर ओल आली होती, आणि त्या ओलीभोवती मुंगळे मरून पडले होते. काल पाचसहा होते. आज मूठभर.

अक्षयाने काकांना ते दाखवलं. काका कोयता घेऊन निघाले होते. वाडीतले सगळे पुरुष रत्नागिरीच्या बाजूचा रस्ता मोकळा करायला जमले होते.

"क्लोरीन टाकलंय गो त्यात," काका म्हणाले. "मुंगळ्यांचं काय घेऊन बसलीस? माणसं तहानलीत इथे." आणि ते गेले.

अक्षयाचं समाधान झालं नाही. कॅनच्या पाण्यातही तेच थेंब होते. मग कॅन भरताना सांडलं तिथे मुंगळे कसे मेले नाहीत? तिने ही शंका समर्थ आणि झाराला सांगितली. समर्थने मुंगळ्यांचा पंचनामा करायचा का म्हणून आधी तिची चेष्टा केली, पण मग तोच म्हणाला की गोठ्यामागच्या फुटक्या दोणीत डासांच्या अळ्या वळवळतायत, त्या आणू.

त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एकीत कॅनचं पाणी, दुसरीत पिंपाचं. दोन्हींत दहा-दहा अळ्या सोडल्या. मग तिघं वाट्यांवर वाकून बसले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. कॅनच्या वाटीत अळ्या खालीवर नाचत राहिल्या. पिंपाच्या वाटीतल्या मात्र हळूहळू मंदावल्या. एक तळाशी गेली. मग दुसरी. अर्ध्या तासात दहाच्या दहा निपचित.

अक्षयाने पिंपाचं झाकण उचलून आत नाक नेलं. पाण्याला गोडसर, उग्र वास होता. काठाच्या आतल्या बाजूला नखाने खरवडलं तर पांढरट खपली निघाली.

ती खपली बघताच काकू कॉटवर उठून बसल्या. "ही पिंपं आणली कुठून ते मी विचारलंही नाही," त्या पुटपुटल्या. "ही वरच्या बागेतली असणार. हंगामभर यांत आंब्यावर मारायचं औषध कालवतात."

"मग उकळून घेऊ या ना," समर्थ म्हणाला.

"उकळून जंतू मरतात," अक्षया म्हणाली. "औषध जात नाही."

तेवढ्यात झारा उभी राहिली. "काकू, काकांनी तीन पिंपं आणली होती. एक आमच्याकडे पाठवलंय."

झाराचे अब्बा दुबईला होते. घरी अम्मी, जमालचाचा आणि सात महिन्यांचा अझीम. अझीमला वरचं दूध होतं, पावडरचं. आणि त्यांच्याकडचे कॅन या घराहून कमीच होते.

काकूंनी एकदा आपल्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं, एकदा मुलींकडे. मग त्यांनी भराभर सांगितलं. समर्थने रस्त्यावर धावत जाऊन बाबांना गाठायचं. झाराला सड्यावरची, कातळमाळावरून जाणारी वाट ठाऊक आहे, तर दोघी मुलींनी खाडीकडे निघायचं. तारा पडलेल्या दिसल्या तर लांबून वळसा घालायचा.

"आणि एक कॅन घेऊन जा."

"काकू, मग आपल्याला एकच राहील."

"नुसतं नको पिऊ सांगून भागेल का गो? त्या बाळाला पाजणार काय?"

सड्यावर ऊन नुसतं भाजत होतं. कातळ पायाला चटके देत होता. दहा लिटरचा कॅन दोघी आळीपाळीने खांद्यावर घेत होत्या. शंभर पावलं एकीने, शंभर दुसरीने. काजूचं एक झाड वाटेवर मुळासकट पडलं होतं, त्याच्या फांद्यांतून त्या सरपटत गेल्या. पुढे विजेचा खांब वाकून तार जमिनीला टेकली होती. झारा सरळ पुढे निघाली होती. अक्षयाने तिचा हात धरून तिला लांबून नेलं.

"उशीर होतोय," झारा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"होऊ दे. पोचलोच नाही तर काय उपयोग?" अक्षयाने तिला दटावलं खरं, पण तिच्याही घशाला कोरड पडली होती. खांद्यावर पाणी होतं आणि त्यातला घोटही दोघींनी घेतला नाही.

पऱ्यात गुडघाभर पाणी होतं. मध्यावर अक्षयाचा पाय शेवाळावर सटकला आणि कॅन हातातून निसटून वाहू लागला. झाराने अंग झोकून त्याची कडी पकडली. दोघी चिखलाने माखल्या, अक्षयाचं कोपर सोलवटलं. पण कॅनचं झाकण घट्ट होतं. आत चिखलाचा थेंबही गेला नव्हता.

घर दिसताच झारा पळत सुटली. अझीमचं रडणं अंगणातूनच ऐकू येत होतं. आत झाराची अम्मी, मासूमाखाला, एका हाताने त्याला थोपटत, दुसऱ्या हाताने दुधाची बाटली भांड्यातल्या पाण्यात धरून निववत होत्या. झाराने बाटली ओढून घेतली.

"अम्मी, हे पाणी कुठलं?"

"पिंपाचं. कॅन सकाळी संपला. का? काय झालं?"

बाळाला अजून पाजलं नव्हतं. अक्षया कॅन खाली ठेवून दारातच बसली. पण मग तिला आतल्या खाटेवर जमालचाचा दिसले. ते घामाने भिजले होते. सकाळी त्याच पाण्याचा अर्धा कप चहा त्यांनी घेतला होता. दोनदा उलटी झाली, डोकं गरगरत होतं, आणि सगळ्यांना वाटलं होतं उन्हाचा त्रास.

काका आले तेव्हा दुपार कलली होती. समर्थ आणि वाडीतले चौघं त्यांच्याबरोबर होते. काकांनी बांबूला चादर बांधून डोली केली. चाचांना मोकळ्या झालेल्या रस्त्यापर्यंत खांद्यावर नेलं आणि तिथून टेम्पोने रत्नागिरीच्या हॉस्पिटलात. अर्ध्या चहावर भागलं, पूर्ण घेतला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

ती रात्र अक्षयाने खाडीकाठच्या घरात जागून काढली. अझीम मात्र कॅनच्या पाण्यातलं दूध पिऊन गाढ झोपला होता.

तिसऱ्या दिवशी चाचा घरी आले. तोवर पाण्याचा टँकरही पोचला होता. काका त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले. पिंपं दोनदा साबणाने धुतली होती, वाटलं चालेल, एवढंच ते म्हणू शकले.

चाचांचा आवाज अजून बारीक होता. "तू पाणी पाठवलंस ते आमच्या भल्यासाठीच, सखाराम. मनात ठेवू नकोस. पण ऐक. पाणी देणारे पुष्कळ भेटतात. हे पाणी पिऊ नका, हे सांगायला एवढा सडा तुडवत आलेल्या या पहिल्याच." त्यांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. समर्थने आपणही धावलो होतो याची आठवण करून दिली, तेव्हा त्याच्याही डोक्यावर ठेवला.

परत जाताना काका अक्षयाला घेऊन वरच्या बागेकडे वळले. तिथे अजून चार पिंपं होती आणि वाडीतल्या दोघांनी त्यांतली दोन मागितली होती. काकांनी कोयत्याने प्रत्येकाच्या तळाला भोक पाडलं. आवाज ऐकून माणसं जमली. चांगली पिंपं का फोडतोस, असं कुणीतरी विचारलं.

काकांनी कोयता खाली ठेवला आणि अक्षयाकडे पाहिलं. "तू सांग. मी तुला गप्प केलं होतं, तेव्हा तुला काय दिसलं होतं ते सांग."

एवढी मोठी माणसं तिच्याकडे बघत होती. मग तिने मुंगळ्यांपासून सुरुवात केली.