पाचव्या पेल्यावरचं नाव

जुनी भांडी आणि जुने दागिने घासून नव्यासारखे करायचे, हा माझा धंदा. चव्वेचाळीस वर्षं करतोय. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की लोकांना पाहुण्यांपुढे मांडायला चांदीचे पेले लागतात, भेट द्यायला खड्यांच्या अंगठ्या लागतात. नव्याला नुसती चकाकी असते, जुन्याला रुबाब असतो.

पण जुन्या वस्तूवर नाव असतं. पेल्याच्या काठाखाली, अंगठीच्या आतल्या बाजूला. दुसऱ्याच्या नावाची भेट कोण घेईल? म्हणून पहिलं काम, नाव घालवायचं. पॉलिशच्या चाकावर दाबून धरलं की मिनिटभरात जातं. मी ती नावं वाचत नाही. वाचता येत नाहीत. छापलेलं अक्षर मी बोट ठेवून काढतो, पण कोरणाऱ्यांची ती वेलीसारखी एकमेकांत गुंतलेली अक्षरं मला कधी लागली नाहीत. हे एकट्या बायकोला माहीत होतं. ती गेली, आणि ती गोष्टही तिच्याबरोबर गेली.

त्या वर्षी एक बाई आपल्या मेलेल्या मामाचं घर रिकामं करत होती. माल उचलायला मी गेलो. बंद खोलीत डांबरगोळ्यांचा वास. टेबलावर लाकडी पेटी, तिच्यात सहा चांदीचे पेले. प्रत्येकावर एक नाव.

"काका, ही नावं तेवढी घालवू नका," ती म्हणाली. "मामा म्हणायचे, ह्या पेल्यांना नाव लागतंच. नसलं तर ते पेले कुणाचंही घेतात."

"मामांना म्हणावं, माझा धंदा मला कळतो."

"मामा गेले ना, काका."

"मग प्रश्नच मिटला."

घरी येऊन सहाही नावं काढली. आठवड्यात पेले विकले गेले. गिऱ्हाईक एक तरुण सून होती. सुट्टीत तिच्याकडे पंधरा माणसं जेवायला यायची होती.

पाहुणे जेवून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. हातरुमालात गुंडाळलेला एक पेला तिने माझ्यापुढे ठेवला.

"पाचवा पेला आहे हा. काल सासूबाई ह्यातून पाणी प्यायल्या. आज सकाळी बघते तर नाव! कुणाचं हो हे? माझा चष्मा घरी राहिला, तुम्ही वाचा बरं."

मी पेला उजेडात धरला. काठाखाली बारीक वेलबुट्टी उमटली होती, ताजी, कडा धारदार. वाचणारी माणसं हलवतात तसे मी ओठ हलवले.

"आधीच्या मालकाचं," मी म्हणालो. "खोल कोरलेलं असलं की पुन्हा वर येतं."

"म्हणजे आधी नीट घासलंच नव्हतं म्हणा की!"

हे मला झोंबलं. तिच्यासमोरच पेला चाकाला लावला. मिनिटाचं काम, पण त्या दिवशी दहा मिनिटं गेली. पेला तापला. केस जळल्यासारखा वास सुटला. चाकाच्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता. कुणीतरी श्वास आत ओढत होतं, आणि सोडत नव्हतं. मी दाबत राहिलो. शेवटी पेला आरशासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"काका, त्या पेल्यावर काय नाव होतं?"

"का?"

"काल दुपारी इथे चाक फिरत होतं ना, तेव्हाच घरी सासूबाईंच्या हातातला घास खाली पडला. तेव्हापासून ठोकळ्यासारख्या बसल्यात. आई म्हणा, आजी म्हणा, बघत नाहीत. डॉक्टर म्हणाले, नावाने हाक मारा. आणि काका... नाव कुणालाच आठवत नाही. घरात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं हो. ह्यांना तर जन्म देणाऱ्या आईचं नाव आठवेना! कागद काढले, तर नावाच्या जागी पांढरं. घासल्यासारखं..." तिने माझा हात धरला. "ते त्यांचंच नाव होतं. तुम्ही माझ्यासमोर वाचलंत. सांगा ना."

मला वाचता येत नाही, पोरी. एवढंच म्हणायचं होतं. पण एवढ्याशा पोरीपुढे मी अडाणी ठरायचो?

"वाचलं होतं," मी म्हणालो, आणि तोंडात आलं ते बाईचं नाव सांगून टाकलं. ते माझ्या बायकोचं होतं. ती जिवंत असताना मी तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

ते नाव पुटपुटत ती घराकडे पळाली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानात एक म्हातारी आली. गोरी, ठेंगणी, मी कधी न पाहिलेली. काही न विचारता ती गल्ल्याची फळी उचलून आत आली. फळीची कडी खालून आहे, बाहेरच्याला सापडत नाही. तिने हात लांब करून चाकाचं बटण बंद केलं.

"अहो, चला, जेवून घ्या."

आवाज परका होता. बोलण्याची लकब परकी नव्हती.

"कोण... कोण तुम्ही?"

"मी गेले त्या दिवशी मागच्या खोलीतून तीनदा हाक मारली तुम्हाला."

"ऐकू आलं नाही. चाक चालू होतं."

"आलं होतं की. दुसऱ्या हाकेला तुम्ही चाक आणखी जोरात दाबलंत."

त्या दिवशी घरात आम्ही दोघंच होतो. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही.

संध्याकाळी सून आणि तिचा नवरा म्हातारीला न्यायला आले. तो चांगला धिप्पाड माणूस, पण उंबऱ्यातच रडायला लागला. "आई, घरी चल ना."

म्हातारीने पदर नीट केला. "अहो, गिऱ्हाईक आलंय बघा. काय हवंय विचारा."

सून माझ्याकडे बघत होती. "काका... नाव तेच होतं ना?"

"तेच होतं."

ते आणखी चार वेळा आले. मग यायचे थांबले.

तेव्हापासून ती इथेच आहे. स्वयंपाक करते. मीठ तेवढंच, पूर्वीइतकंच. दुपारी माझ्यासमोर बसून जेवते. घास तोंडात असतो, ओठ मिटलेले असतात, जबडा हलत असतो. आणि तेव्हाच तिच्या गळ्यातून दुसरा एक आवाज येतो. बारीक, थकलेला, फार अदबीने बोलणारा.

"भाऊ... तुम्ही वाचलं होतं म्हणे... काय होतं हो ते?"

मी मान खाली घालून जेवतो.

समोरची घास गिळते, तोंड पुसते, आणि हसते.

"सांगा की हो तिला," ती म्हणते. "रोज विचारते बिचारी."