चाराकातोचं विरजण

“मावशी, खरं सांग... माझ्या बाटलीत तू काय भरून दिलं होतंस?”

रविवारची सकाळ होती. पडवीतली गिऱ्हाइकं अदोबो नावाच्या मटणाच्या रश्श्यात पाव बुडवून आणखी वाढायला सांगत होती, आणि अशा ऐन गर्दीत नायदा खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हेलादियाचा वरवंटा जागच्या जागी थांबला. पंचवीस वर्षं ती या खानावळीचा काळा मका भिजवत होती, त्याला मोड आणत होती, दळत होती, मिरची वाटत होती; पण या पोरीनं तिच्याशी असा आवाज कधी चढवला नव्हता!

“आपल्या रांजणातलं विरजण,” ती म्हणाली. “दुसरं काय भरणार मी, बाळा?”

“मग ते माझ्या वर्गातल्या सोराइदाच्या घरच्या विरजणाशी तंतोतंत कसं जुळतं? तिचं गाव पुइकामार्का! कुठं आपलं चाराकातो, कुठं ते डोंगरापलीकडचं खोरं! सगळे म्हणतायत, माझी बाटली खराब झाली म्हणून मी गुपचूप तिच्या बाटलीतलं ओतून घेतलं... येत्या शनिवारी तिघे परीक्षक बसणार आहेत. माझं नाव काढून टाकतील, मावशी!”

पुइकामार्का... ते नाव या घरात कुणी उच्चारेल असं हेलादियाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात रिकाम्या वाट्यांची चळत घेऊन नायदाची आई आत आली. ग्रीमानेसा, हेलादियाची धाकटी बहीण, खानावळीची मालकीण. तिनं अर्धंमुर्धं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे पूर्ण निकाल दिला.

“तिला काय विचारतेस? सख्ख्या आईच्या मरणानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना चालू असताना जी बाई घर टाकून पळाली, तिच्या हातून बाटली भरून घेतलीस ना, भोग आता!”

हेलादियानं मान खाली घातली आणि वरवंटा पुन्हा फिरवायला सुरुवात केली. मिरची कधीच वाटून झाली होती, तरी ती वाटतच राहिली.

नायदा शिकत होती ती संस्था अवघी तीन वर्षांची. शहरातल्या लोकरीच्या जुन्या गोदामात भिंती घालून वर्ग केले होते. विद्यार्थी नऊ, शिक्षक चार. सजीवांच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेली जी लांबलचक पोथी असते, ती वाचायची आणि संगणकावर तिचा अर्थ लावायचा, हे तिथलं पदव्युत्तर शिक्षण. पण वाचायचं काय? जुन्या विद्यापीठांकडे शंभर वर्षांचे साठे असतात. इथल्या शीतकपाटात पहिल्या दिवशी फक्त संस्थाप्रमुख डॉक्टर पिनेदोबाईंचा डबा होता! म्हणून बाईंनी एक रिवाज पाडला. प्रत्येकानं येताना आपल्या घरातलं काहीतरी जिवंत बाटलीत घालून आणायचं, आणि पहिलं वर्षभर त्याच्यावरच शिकायचं. कुणी चीजचं पाणी आणलं, कुणी शेवाळ. नायदानं आणलं चिचाचं, म्हणजे मक्याच्या घरगुती दारूचं, विरजण, रांजणाच्या तळाशी राहणारा तो करडा गाळ. चार पिढ्या या रांजणात मक्याची चिचा आंबत होती, कारण प्रत्येक वेळी तळाचा गाळ राखून त्यावरच मोड आलेल्या मक्याचा उकळून निववलेला नवा पाक ओतला जायचा.

पहिल्याच महिन्यात नायदानं आपली बाटली उन्हाच्या खिडकीत विसरून फोडली होती. मावशीनं दुसरी भरून दिली, आणि या शहाणीनं नोंदवहीत त्याची तारीखच लिहिली नाही! सगळा संशय त्या एका कोऱ्या ओळीवर येऊन बसला होता.

आणि खरं काय ते एकट्या हेलादियाला ठाऊक होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आई गेली. हेलादिया शवपेटीबरोबर दफनभूमीत गेली, आणि अठरा वर्षांची ग्रीमानेसा येणाऱ्या माणसांसाठी रांधायला एकटी घरी थांबली. रडून सुजलेले डोळे, चुलीवर उकळता पाक, दारात माणसं... पोरीनं घाईघाईत तो पाक निववलाच नाही, उकळता उकळता रांजणात ओतला! कढत दुधात विरजण घातल्यावर जे होतं तेच झालं. संध्याकाळी हेलादियानं पडद्याआडून पाहिलं: बहीण रांजणापुढे गुडघे टेकून पुटपुटत होती, “आई, मी मारलं गं तुझं विरजण... मला माफ कर, याला पुन्हा उठव...” ती निजल्यावर हेलादियानं रांजणात हात घातला. एक बुडबुडा नव्हता.

या पोरीला रडू तरी किती देणार? आई गेली, त्यात आईचं चार पिढ्यांचं विरजणही आपल्या हातून गेलं, हे ती कसं सोसणार? पहाटे कुणालाही न सांगता हेलादिया निघाली. पुइकामार्कात तिची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता फोर्तुनाता राहायची. ती पूर्वी याच खानावळीत कामाला होती आणि तिच्या लग्नाच्या वेळी आईनं तिला याच रांजणातलं विरजण मडक्यात घालून दिलं होतं; पुढे तेच त्या गावात घराघरांत गेलं. हेलादिया गेली, आठव्या दिवशी परतली आणि सगळे चर्चमध्ये असताना आणलेलं विरजण तिनं रांजणात ओतलं. नवव्या दिवशी, प्रार्थनेच्या शेवटच्या घटकेला, रांजण बुडबुडला!

ग्रीमानेसा त्या बुडबुड्यांवर तरली. आईनं वरून आपल्याला माफ केलं, रांजण जिवंत केला... हा चमत्कार ती आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, फक्त विरजण कुणी मारलं होतं एवढं वगळून. आणि हेलादिया? थोरली मुलगी आईच्या नऊ दिवसांत परागंदा! कुणा पुरुषाकडे गेली असणार, दुसरं काय! ठरलेलं लग्न मोडलं. खानावळीची पळी धाकटीच्या हाती गेली. हेलादियानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही; बोलली असती तर बहिणीची माफीच हिरावून घेतली असती.

आता मात्र तिच्या गप्प राहण्याची किंमत नायदानं भरायची होती.

मंगळवारी मका उन्हात पसरून झाल्यावर तिनं एप्रन काढला, शाल घेतली आणि बसनं थेट संस्था गाठली. पिनेदोबाई हातात चहाचा मग घेऊन संगणकापुढे बसल्या होत्या. हेलादियानं सांगितलं, नायदाची मावशी आहे, आणि तो वंशवृक्ष की काय असतो तो बघायचाय.

बाईंनी खुर्ची ओढून दिली. पडद्यावर फांद्या होत्या आणि फांद्यांच्या टोकांना नावं. शेवाळ एकीकडे, चीजचं पाणी पार दुसऱ्या टोकाला, आणि अगदी कोपऱ्यात दोन नावं एका देठाला बिलगलेली: चाराकातो, पुइकामार्का.

हेलादिया बराच वेळ त्या देठाकडे पाहत राहिली. तिच्या पायांनी तुडवलेली वाट या बाईच्या काचेवर दिसत होती! भीती कुठल्या कुठे गेली आणि तिला भारी नवल वाटू लागलं.

“ही दोन एकसारखीच आहेत का? अक्षरन् अक्षर?”

“जवळजवळ. इकडं सहा अक्षरं वेगळी, तिकडं सात. एवढी चूक यंत्राकडूनही होते.”

“चूक नाही ती, बाई. मी ते विरजण तिकडून इकडं आणलं, त्याला ऑक्टोबरात पंचवीस वर्षं झाली.”

बाईंनी मग खाली ठेवला. कागद ओढला, काहीबाही आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. त्यांचे डोळे लहान पोरीसारखे लकाकायला लागले.

“पंचवीस वर्षांत एवढीच अक्षरं बदलायला हवीत! नायदानं आत्ता ओतून घेतलं असतं, तर एकही अक्षर वेगळं नसतं. अहो, आम्ही तुमची पंचवीस वर्षं यंत्राच्या माथी मारत होतो! पण का आणलंत तुम्ही? तुमच्या रांजणातलं काय झालं होतं?”

हेलादियानं खांद्यावरची शाल सारखी केली. मग हळूच म्हणाली, “ते ‘का’ वगळून लिहिता येईल का?”

“परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. कुणी, कधी, कुठून, का... सगळं सहीनिशी लागेल, आणि घरच्या माणसांसमोर वाचलं जाईल. नाहीतर मी नायदाला वाचवू कशी?”

“तुमच्या या यंत्राला... आधीचं विरजण कसं मेलं, कुणाच्या हातून मेलं, हे कळतं?”

“नाही हो. जे जिवंत राहिलं तेवढंच आम्हाला वाचता येतं.”

हेलादियाच्या छातीवरची धोंड उतरली. “मग लिहा,” ती म्हणाली, “मी सांगते तसं.”

शनिवारी गोदामाच्या मोठ्या दालनात तिघे परीक्षक बसले. सोराइदा आणि तिचे वडील आले होते. ग्रीमानेसा काळी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसली होती. मुलीवर आळ आला म्हणताना ती वाघिणीसारखी तयारीनं आली होती. मोठी बहीण मागच्या बाकावर का बसलीय, हे तिला कळत नव्हतं. आजवर तिनं कधी विचारलं असतं तर ना!

नायदानं कागद उघडला. मावशीची वेडीवाकडी सही तिनं ओळखली आणि वाचायला सुरुवात केली.

“‘मी, हेलादिया, लिहून देते की माझ्या आईला पुरलं त्या दिवशी मी घाईत पाक न निववता रांजणात ओतला. विरजण माझ्याच हातून मेलं. लाज वाटली म्हणून मी पुइकामार्काला पळाले, माझ्या धर्ममातेकडून तेच विरजण आणलं आणि कुणाला न सांगता रांजणात ओतलं. माझ्या भाचीचा यात काही दोष नाही...’”

 पिनेदोबाई फळ्याकडे वळून सहा अन् सात अक्षरांचा हिशेब समजावू लागल्या, परीक्षक पुढे झुकून ऐकू लागले... आणि एकाएकी ग्रीमानेसा उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“खोटं आहे हे!”

“ग्रीमा, बस खाली,” मागून हेलादिया कळवळून म्हणाली.

“नाही बसत! ही तेव्हा घरात नव्हतीच! ही आईच्या पेटीबरोबर गेली होती. घरात मी होते... एकटी. पाक मी ओतला! मी मारलं...” तिनं मागे वळून पाहिलं. “ताई... तुला ठाऊक होतं?”

  हेलादियाचे डोळे घळाघळा वाहत होते.

“म्हणजे तो रांजण... आईनं नाही उठवला? पंचवीस वर्षं मी मेणबत्त्या लावतेय, आभार मानतेय... आणि आईनं मला माफ केलंच नव्हतं?”

याच एका प्रश्नाला भिऊन हेलादियानं अख्खं तारुण्य गप्प बसून काढलं होतं! ती बाकांमधून धडपडत पुढे आली आणि तिनं बहिणीचे दोन्ही हात धरले.

“अगं वेडे, फोर्तुनाताला ते विरजण दिलं कुणी? आईनंच ना, स्वतःच्या हातानं! तेच मी आणलं. आईचंच होतं ते, परकं नव्हतं. आणि माफीचं म्हणशील तर... मी त्याच रात्री केलं होतं गं तुला माफ. सांगायचं तेवढं राहून गेलं.”

“आणि मी तुला...” ग्रीमानेसा म्हणाली. “मी तुला घरात मोलकरणीसारखं... लोकांपुढे, माझ्या पोरीपुढे... अगं, एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायचीस!”

“मारणार होते एकदोनदा,” हेलादिया रडता रडता म्हणाली. “हातात पीठ होतं.”

परीक्षकांनी आपापसांत फार वेळ घेतला नाही. नायदा निर्दोष ठरली. दोन्ही रांजणांतलं विरजण पुन्हा आणायचं, पुन्हा वाचायचं, आणि ही पंचवीस वर्षं हाच तिचा प्रबंध. नोंदवहीत तारीख न लिहिल्याबद्दल मात्र तिनं महिनाभर सगळ्यांच्या बाटल्या धुवायच्या! सोराइदा येऊन तिच्या गळ्यात पडली. नायदाचं लक्षच नव्हतं. ती मावशीच्या खरबरीत हातांकडे बघत होती.

दालन हळूहळू रिकामं झालं. दोघी बहिणी त्याच बाकावर बसून राहिल्या. ग्रीमानेसानं शालीच्या टोकानं आधी थोरलीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. 

“ताई,” मग ग्रीमानेसा म्हणाली, “तेव्हा तर त्या खोऱ्यात धड रस्तासुद्धा नव्हता. तू गेलीस कशी? कुठं झोपलीस? काय खाल्लंस? इतक्या लांबून ते मडकं फुटलं कसं नाही?”

पंचवीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. हेलादियानं दीर्घ श्वास घेतला, पाय लांब केले आणि पहिल्या पहाटेपासून सांगायला सुरुवात केली.