दहा कानांचा राजा

"हूक काढ, हूक! पुढे पायऱ्या आहेत!" भोंगा ओरडला.

चिमटीने माउस झर्रकन फिरवला. पडद्याच्या खालच्या चौकोनात वाकडा हूक उमटला आणि तिच्या लाल गाडीची गोल चाकं क्षणात हुकांची झाली. गाडी पायरीला नखं रोवत टणाटण वर चढली!

या खेळाची गंमतच ती होती. आपण जो आकार काढू, तेच गाडीचं चाक. सपाट रस्त्याला वर्तुळ, पायऱ्यांना हूक, बुटक्या बोगद्यात चिमुकला ठिपका. सुट्टी लागल्यापासून चिमटी, तिचा धाकटा भाऊ गोटी आणि शेजारचा भोंगा रोज ग्रंथालयाच्या संगणक-खोलीत हजर असायचे. शनिवारी तिथे या खेळाची स्पर्धा होती. आणि तीन नंबरच्या संगणकावरचा विक्रम चिमटीचा होता, अठ्ठेचाळीस सेकंद!

म्हणजे कालपर्यंत होता.

"ताई, हे बघ!" गोटीने यादीवर बोट ठेवलं. "तू दुसरी! पहिला कोणीतरी राजा आहे. सेहेचाळीस सेकंद!"

"आणि हे काय नाव लिहिलंय? राजाााााााााा! शेवटी किती काने दिलेत?" चिमटी म्हणाली.

गोटीने मोजले. "दहा!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ग्रंथपालबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"उठा तिघंही! या कीबोर्डवर काल कोणी चहा सांडला? बटणं चिकटलीत नुसती! मोठ्या साहेबांनी आदेश काढलाय. उद्यापासून मुलांना ही खोली बंद. शनिवारची स्पर्धाही रद्द!"

"पण बाई, आम्ही चहा पीतच नाही!" भोंग्याचा आवाज वाचनकक्षापर्यंत गेला.

"हळू बोल रे! काल शेवटी तुम्हीच बसला होतात ना इथे?"

गोटीचे डोळे भरून आले. चिमटीचे कान लाल झाले. न केलेल्या गोष्टीचा आळ तिला मुळीच सहन व्हायचा नाही. ती पुन्हा यादीकडे वळली. प्रत्येक नावापुढे कधी खेळला, ती घड्याळातली वेळही दिलेली होती.

"बाई, एक मिनिट! काल पाऊण वाजता भोंग्याने आपलं नाव लिहिलं. हे बघा, 'भोंगा'. शेवटी काना एकच. म्हणजे तेव्हा कीबोर्ड धडधाकट होता. एक वाजता तुम्ही आम्हाला बाहेर काढून कुलूप लावलंत. आणि हा राजा खेळला एक चाळीसला. त्याचं काना देणारं बटण चिकटलं, म्हणून दहा काने उमटले! चहा त्यानेच सांडला!"

बाईंनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. "एक चाळीस? तेव्हा तर खोली बंद असते. किल्ली कार्यालयातल्या खिळ्यावर..." त्या थबकल्या. "पण हा राजा कोण, ते कसं कळणार?"

"आज दुपारी दोनपर्यंत वेळ द्या," चिमटी म्हणाली. "फक्त एक चांगला कीबोर्ड जोडून द्या. पुढचं आम्ही बघतो."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "दोनपर्यंत. एक मिनिटही जास्त नाही."

नवा कीबोर्ड जोडताच चिमटी बसली. विक्रम मोडला की राजाला चैन पडणार नाही, याची तिला खात्री होती. पहिल्या खेपेला गाडी बोगद्यात अडकली. दुसऱ्या खेपेला पायऱ्यांवरून घरंगळली. सातव्या खेपेला मात्र तिने हूक जरा लांब काढला आणि गाडी दोन-दोन पायऱ्या ओलांडत सुटली.

"चव्वेचाळीस!" भोंग्याने टाळी मारली. "बस बोंबलत म्हणावं राजाला!"

एक वाजता खोलीला कुलूप लागलं. तिघं समोरच्या वाचनकक्षात वर्तमानपत्रं तोंडापुढे धरून बसले.

"गोट्या, पेपर उलटा धरलायस!" चिमटी कुजबुजली.

दीडला पाच मिनिटं असताना पावलं वाजली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात वाफाळता कप. इकडेतिकडे बघत एक माणूस अलगद आत शिरला. गोटीचा पेपरच गळून पडला.

"मोठे साहेब!"

भोंगा वाऱ्यासारखा बाईंना बोलवायला पळाला. काचेच्या दारातून सगळं स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी यादी पाहिली, कपाळावर हात मारला आणि बाह्या सरसावल्या.

"अरे चढ! चढ की लेका!" ते पडद्यावर ओरडत होते. "पुन्हा पडली!"

"साहेब," मुलांना घेऊन आत आलेल्या बाईंचा मागून शांत आवाज आला, "चहा खोलीत आणू नये, अशी पाटी तुम्हीच लावली आहे ना?"

साहेब असे दचकले की कप हिंदकळला. चिमटीने पुढे झेप घेऊन तो वरच्या वर धरला. कीबोर्ड वाचला!

"मी... ते... जरा संगणक तपासत होतो..."

"कालही तपासलात ना? एक चाळीसला?" चिमटीने विचारलं. "नावापुढे दहा काने आहेत, साहेब."

साहेबांचा चेहरा पडला. "काल थोडा सांडला खरा. पण मी रुमालाने पुसला होता! मला वाटलं, झालं."

"आणि मुलांना बंदी करणारा आदेश?" बाईंनी विचारलं.

"तो... न वाचताच सही केली." त्यांनी मान खाली घातली. मग हळूच वर पाहून म्हणाले, "चुकलंच माझं. पण पोरी, चव्वेचाळीस सेकंद? कसं शक्य आहे?"

"दाखवते," चिमटी म्हणाली. "माझ्याशी खेळा. मी जिंकले, तर शनिवारी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचं."

"कबूल!"

दोघं शेजारशेजारच्या संगणकांवर बसले. नवी वाट, दोघांनाही अनोळखी. साहेबांची गाडी भरधाव पुढे गेली आणि एकदम रस्ताच संपला! मध्ये तुटलेला पूल. साहेबांनी मोठं वर्तुळ काढलं. गाडी धप्पकन खाली. त्यांनी आणखी मोठं काढलं, पुन्हा धप्प!

चिमटी काठावर थांबली.

"ताई, काढ ना काहीतरी!" गोटी कळवळला.

तिने श्वास रोखला आणि चौकोनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ ओढली. चाकांच्या लांबच लांब काठ्या झाल्या. एक काठी पलीकडच्या काठाला टेकली, गाडी तिच्यावर तोलून उठली आणि गरकन पार गेली!

"जिंकली!" भोंग्याच्या आरोळीवर या वेळी बाई रागावल्या नाहीत. त्याही टाळ्या वाजवत होत्या.

बंदी उठली आणि शनिवारी स्पर्धेला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी सगळ्यांसमोर चहाची गोष्ट सांगितली, स्वतःचीच फजिती रंगवून सांगितली आणि तिघांची हात जोडून माफी मागितली. मग बाई म्हणाल्या, "मी न विचारता आळ घेतला. या मुलांनी मात्र आदळआपट केली नाही, पुरावा शोधला. अशी मुलं माझ्या ग्रंथालयात येतात, याचा मला अभिमान वाटतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत एक आजोबा टाचा उंचावून विचारत होते, "ती लाल फ्रॉकवाली कोण हो?"

त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने पदर सावरला.

"ती होय?" चिमटीची आई म्हणाली. "आमचीच आहे. आणि तिच्या बाजूचा चिमुकलाही आमचाच!"