चाचाचं मशीन रुसतं

सीताफळं गवतात पिकवतात. पण चौसाळ्याच्या मैनुद्दीन बागवानांनी वेगळाच शोध लावला होता. हायवेला लागून त्यांचा फळांचा गाडा, गाड्यामागं पत्र्याचं दुकान, आणि दुकानात त्यांच्या नाजियाचं कॉम्प्युटर. छपाई, टायपिंग, लग्नपत्रिका – सगळं त्या एका मशिनवर. त्याचा डबा दिवसभर असा तापायचा, की वर ठेवलेलं दगडासारखं सीताफळ दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडायचं.

"आब्बा, हे मशीन हाय, आढी न्हाई," नाजिया कुरकुरायची.

"मग कावून तापतंय? तापतंय तर कामाला लागू दे की," म्हणत आब्बा आणखी चार सीताफळं रचायचे.

अशाच एका दुपारी एक तरुण हेल्मेट काखेत मारून आत आला. कुरिअरच्या खोक्यावर चिकटवायला पत्ता छापून हवा होता. नाजियानं पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, प्रिंट दिली... आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

"काय झालं?"

"काय न्हाई. रुसलंय."

"हँग झालंय म्हणा की."

"हँग कशाला होईल? सकाळपासून राबतंय बिचारं. जरा गप बसू दिलं की आपसूक बोलतंय."

तो हसला. मग हसता हसता मधेच थांबला आणि तिच्याकडं बघत राहिला – कुठंतरी ऐकलेला आवाज आठवावा तसा. नाजियानं नजर चुकवली, ती नेमकी त्याच्या बॅगेवर पडली. आतून लॅपटॉप डोकावत होता. त्यावर पेंग्विनचं स्टिकर, आणि खाली मार्करनं लिहिलेलं – अरमान, तेलगाव.

तिनं ते नाव दोनदा वाचलं.

या माणसाला ती बऱ्याच दिवसांपासून ओळखत होती. कालच तिनं त्याला 'काळ्या पडद्याचा आशिक' म्हटलं होतं. आणि त्यानं उलट लिहिलं होतं, "चाचा, तुमचं वय झालं, आता तुमच्या विंडोजचंबी झालं."

हो, चाचा! ती गंमत आधी सांगायला हवी.

जिल्ह्यातल्या कॉम्प्युटरवेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, 'बीड कॉम्प्युटर कट्टा'. तिथं माणसं प्रोसेसरवरून अशी भांडायची, जशी दुसरीकडं बांधावरून भांडतात. माजलगावचा भागवत जुन्या सात नंबरच्या विंडोजसाठी अजून सुतक पाळत होता. बीडच्या सोमनाथला मशीन कसलंही चाले, आत रंगीत दिवे लागले म्हणजे झालं. आणि तेलगावचा अरमान! मदरबोर्ड दुरुस्त करायचा आणि येईल त्याला एकच औषध द्यायचा – विंडोज पुसून पेंग्विनछाप, काळ्या पडद्याचं लिनक्स टाका.

नाजिया आधी दुसऱ्या एका ग्रुपवर होती, स्वतःच्या नावानं. तिथं तिनं एकदा रॅमबद्दल विचारलं. उत्तरं आली ती अशी – "हाय डिअर", "जेवलीस का?", आणि एका शहाण्याचं, "ताई, घरात दादा असंल तर त्याला विचारा." रॅमबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग या कट्ट्यावर ती आब्बांच्या नंबरवरून आली. नाव दिसायचं मैनुद्दीन बागवान. पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, "चाचा बराबर बोलले." तिनं खोडायला बोट उचललं... आणि खाली ठेवलं. आपलं म्हणणं कुणी पूर्ण वाचतंय, त्यावर डोकं लावून भांडतंय, हे सुख तिला नवीन होतं. ते सोडवेना.

आणि आता तो भांडणारा समोर उभा होता. खोडकर डोळे, शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर, आणि अंगठ्यावर सोल्डरनं भाजल्याचा डाग.

प्रिंटर खाकरला. पत्ता बाहेर आला.

"बोललं बघा," नाजिया म्हणाली.

"बोललं खरं," तो म्हणाला. "पण याच्या डोक्यावर सीताफळं आणि पोटात धूळ. माणूस असता तर कवाच पळून गेला असता. साफ करून देऊ?"

"नको. आमचं आमी बघतो."

"आणि नवीन विंडोज यावर बसणार न्हाई. जुन्याचे अपडेटबी कंपनीनं बंद केलेत. आता तरी लिनक्स –"

"– टाकू, आणि माझ्या पत्रिकांचे फॉन्ट काय तुमचा पेंग्विन पंखाखाली घेणार?" तिच्या तोंडून निसटलंच. "जुन्या फॉन्टातलं मराठी तिकडं उघडलं की 'चि. सौ. कां.'च्या जागी कोंबडीचे पाय उमटतात! नवरीच्या बापाला काय दाखवू?"

तो पुन्हा तसाच बघायला लागला. तिनं जीभ चावली. हे वाक्य तिनं मागच्याच आठवड्यात कट्ट्यावर लिहिलं होतं. कोंबडीच्या पायांसकट.

"आब्बा म्हणतात असं," ती घाईनं म्हणाली. "माझं काय... मी नुसतं टायपिंग करते."

"अच्छा... आब्बा म्हणतात," तो म्हणाला. जाताना सीताफळं घेतली – डब्यावरचीच पाहिजेत म्हणून हट्ट धरला.

मग तो यायला लागला. तेलगावच्या माणसाला चौसाळ्यात रोज काय काम असणार? पण निघायचं. कधी छपाई, कधी कुरिअर. एकदा तर कोऱ्या कागदाची झेरॉक्स मागितली. नाजियानं तितक्याच गंभीरपणे काढून दिली.

"नीट आली का?" तिनं विचारलं.

"एकदम सेम टू सेम."

एका दुपारी त्यानं नको नको म्हणत असताना डबा उघडलाच. ब्रश फिरवला, फुंकर मारली. धुळीचा लोट उठला तशी ती ओढणी नाकाला लावून शिंकली, तोही शिंकला, आणि दोघांना उगीचच हसू आलं. पंख्यात अडकलेली सीताफळाची बी त्यानं चिमटीत धरून तिच्या तळहातावर ठेवली. बोट तळहाताला लागलं – न लागल्यासारखंच. पण पुढं किती तरी वेळ ती टाइप करताना चुकत होती.

हेच दोघं संध्याकाळी कट्ट्यावर मात्र एकमेकांचे कान उपटायचे. "चाचा, तुमी अडाणी मत मांडता." "पोरा, तू मत न्हाई, नवस मांडतो." नाजियाला गंमत वाटायची, आणि भीतीही. ज्याला आपण दुपारी चहा देतो, त्याला संध्याकाळी फसवतो. कळलं तर? तो तर जाईलच. आणि चाचाही जाईल... परत 'दादाला विचारा'.

व्हायचं ते एकदा झालंच. अरमान दुकानात असताना आब्बा लिंबाचं पोतं घेऊन आत आले.

"सलाम, चाचा," अरमान उठून म्हणाला. "एक विचारू? तुमी लिनक्सबद्दल लई कडू का बोलता?"

नाजियानं पटकन कीबोर्ड पुढं ओढला.

"लिंबू?" आब्बा म्हणाले. "लिंबू कडू कुठं असतंय, बेटा? आंबट असतंय. रस बघ, रस! पाव किलो देऊ?"

नाजिया कीबोर्डात तोंड खुपसून 'क'ची बाराखडी गिरवत होती. अरमाननं एकदा आब्बांकडं बघितलं, एकदा तिच्या लाल झालेल्या कानांकडं, आणि शांतपणे म्हणाला, "अर्धा किलो द्या, चाचा."

त्या दिवशी कट्ट्यावर तिनं भीत भीत डोकावलं. तो नेहमीसारखाच भांडत होता – उलट जरा जोरातच. तिनं सुस्कारा टाकला. म्हणजे कळलं नाही.

मग आला तो शुक्रवार. आब्बा जुम्म्याची नमाज आटोपून गाड्यामागं खुर्चीत डुलकी काढत होते. त्यांचा मोबाइल नाजियाकडं होता. चाचाला एकट्याला अरमानचा निरोप आला.

"चाचा, सल्ला पायजे. घरचे आज मला मुलगी बघायला गेवराईला न्यायलेत. भाड्याची गाडी दारात माझ्यासाठी थांबलीय. जाऊ का नको?"

तिला पडदा धूसर दिसायला लागला. 'नको' लिहिलं. खोडलं. चाचाच्या तोंडून स्वतःचं मागणं घालायचं? हे तर फारच झालं.

"पोरगी चांगली असंल तर जा," तिनं लिहिलं.

"पण मला दुसरीच आवडती, चाचा."

"कोण?"

"चौसाळ्याची. जिच्या मशिनवर सीताफळं पिकतात. तुमचीच पोरगी. तुमी वडीलधारे, म्हणून आधी तुमालाच विचारतो. रागवू नका."

लिहायला घ्यायची, पुसायची. लिहायची, पुसायची.

"चाचा," पलीकडून आलं, "कवापासून 'टायपिंग' दाखवतंय. माझा चहा गार झाला."

चहा? तिनं मान वर केली. हायवेच्या पलीकडं चहाचं हॉटेल होतं. उसाचा ट्रॅक्टर गेला – बाकावर तो दिसला. ट्रक आडवा आला – दिसेना. ट्रक सरला – हातात मोबाइल, नजर इकडंच. तिनं पटकन मान खाली घातली.

"ती विंडोज सोडणार न्हाई," तिनं लिहिलं.

"कुणी सांगितलं सोडायला? एकाच मशिनवर दोन्ही टाकू. चालू करताना मशीन इचारतंच – आज कोण? ज्याचा दिवस त्यानं निवडावं."

ती ओठ दाबून हसली, आणि हसताना डोळे भरले. आता खोटं पुढं ढकलणं शक्य नव्हतं. यापुढं एकेक शब्द आब्बांच्या नावावर जमा होणार होता, आणि हे शब्द तिला स्वतःसाठी हवे होते.

"मी चाचा न्हाई," तिनं लिहिलं. डोळे मिटून पाठवलं.

उत्तर लगेच आलं. "म्हाईत हाय."

"कवापासून??"

"पयल्या दिवशी शंका आली. मशीन सगळ्या जिल्ह्याचं हँग होतं. रुसतं फकस्त चाचाचं. मग लिंबं घेतली त्या दिवशी खात्री झाली."

तिनं मान वर केली. रस्ता रिकामा होता. तो उभा राहिला होता. हायवे ओलांडून दुकानाच्या दारात आला, पण उंबऱ्याच्या आत नाही. आब्बा घोरत होते.

"म्हाईत होतं," ती हळूच म्हणाली, "तरी ग्रुपवर माझ्याशी तसंच भांडत होता? जरासुद्धा कमी न्हाई केलं?"

"कावून कमी करू?" त्याला खरंच नवल वाटलं. "मत तुमचं चुकीचंच हाय की."

बाईमाणसाला आयुष्यात पुष्कळ गोड शब्द ऐकायला मिळतात, पण यासारखा शब्द नाजियाला कुणी दिला नव्हता. डब्यावरच्या सीताफळांचा पिकता वास दुकानात भरून राहिला होता.

"गेवराईची गाडी...?" तिनं विचारलं.

"तुमी सांगा. जाऊ?"

तिनं डब्यावरचं एक सीताफळ उचललं. बोटानं दाबून बघितलं, आणि त्याच्या हातात ठेवलं. "हे आज खायचं असतं. उद्या उतरतं," ती म्हणाली. "जाणारा माणूस खाणार कधी?"

तो उंबऱ्यावर बसला आणि सीताफळ फोडलं. घरी फोन लावून म्हणाला, "अम्मी, गाडी सोडून द्या. मग बोलतो. लई सांगायचंय."

ते ऐकताना नाजियाला एकदम धीर आला. तिनं मोबाइल घेतला, कट्टा उघडला आणि एका दमात लिहिलं – "मी मैनुद्दीनचाचा नाही. त्यांची मुलगी नाजिया. मतं मात्र सगळी माझीच होती, आणि कायम आहेत."

तिला वाटलं, संपलं.

मग भागवतचा निरोप टपकला. "बरं ते जाऊ द्या ताई, माझ्याकडं निळा पडदा आलाय सकाळपासून. काय करू?"

नाजियानं डोळे पुसले आणि लिहिलं, "आधी रॅम काढून पुसून बसवा. फॉरमॅटची घाई नको."

उंबऱ्यावरून टकटक ऐकू आली. सीताफळाचे चिकट हात पँटीला पुसून अरमान टाइप करत होता. तिच्या हातातला मोबाइल थरथरला.

"नाजिया चुकतीय. रॅमचा काय संबंध न्हाई. लिनक्स टाका."

मग सोमनाथ पुढं आला. "ए बे, ताई म्हण की! सगळे ताई म्हणायलेत."

नाजियानं मोबाइलवरून नजर उचलली. तो तिच्याकडंच बघत होता. बघता बघता त्यानं एका बोटानं लिहिलं, आणि सगळ्या जिल्ह्यानं वाचलं –

"मी न्हाई म्हणणार."