रेघेच्या अलीकडे, पलीकडे

मी शिकागोच्या कोर्टात सकाळी साडेसहाला पोचले, सगळ्यांच्या आधी. आणि आठ वाजता रांगेत सगळ्यांच्या मागे उभी होते.

चूक आमचीच. विमानात काम करणारी माणसं आम्ही. सुट्टी, फेरी, जेवणाची वेळ, सगळं सेवाज्येष्ठतेच्या क्रमांकावर मिळतं. त्यामुळे जो येईल तो सवयीनं विचारायचा, "तुझा नंबर?" आणि माझ्या पुढे उभा राहायचा.

"नंबर?" माझ्या पुढच्या उंच माणसानं वळून विचारलं. कोटावर बर्फ, डोळ्यांत मिश्कीलपणा...

"अठराशे सतरा."

"मी सोळा. क्लेटन ड्यूप्री. म्हणजे आपण एकाच दिवशी नोकरीला लागलो असणार, अशांचा नंबर वयावरून ठरतो. वाढदिवस कधी तुमचा?"

"नऊ मार्च."

"माझा सात. दोन दिवसांनी मोठा आहे, जरा मान ठेवा."

"ठेवला असता," मी म्हणाले, "पण कंपनीची रेघ नेमकी आपल्या दोघांच्या मध्ये पडतेय."

त्यानं कोटावरचा बर्फ झटकला. कंपनीचं दिवाळं निघालं होतं आणि युनियनशी केलेला करार मोडायची परवानगी ती न्यायाधीशांकडे मागत होती. मिळाली की अठराशे सोळापर्यंतचे राहणार, बाकीचे घरी. माझ्यासाठी घरी म्हणजे लांब उत्तरेला, डुलुथला, बहिणीच्या सोफ्यावर.

शिपायानं माणसं मोजत आत सोडली. क्लेटन आत गेला अन् दार बंद झालं. "जागा संपली," शिपाई म्हणाला. मी बाकावर बसले. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

दोन मिनिटांत दार उघडून क्लेटन बाहेर आला.

"आत फार उकडतंय," तो म्हणाला.

"जानेवारीत?"

"वकील फार बोलतात हो..."

सुनावणी दर मंगळवारी असायची. पुढचे तीन मंगळवार आम्ही त्याच बाकावर बसलो. राज्याच्या कायद्याखाली आम्ही आधी दाद मागितली होती. विमानांचा कारभार केंद्राच्या कायद्याखाली येतो, असं सांगून त्या कोर्टानं परत पाठवलं होतं. आता हेच एक दार उरलं होतं, आणि आम्ही त्याच्या बाहेर मशीनची कडू कॉफी पीत हसत होतो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. मंगळवारची मी वाट बघायला लागले होते. नोकरी जायची वेळ आलेली बाई असं करते का?

निकालाच्या दिवशी युनियनच्या डोरिसबाई आत जाता जाता म्हणाल्या, "वेरा, निकाल काहीही लागो, तू वाचलीस. क्लेटननं आपणहून बिनपगारी रजा लिहून दिलीय. त्याची जागा तुला."

मी त्याच्याकडे वळले. "तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"कुणी नाही."

"मग? मी भीक मागितली होती?"

"नाही... वेरा, ऐक तरी—"

"खाणार काय तू?"

"चुलतभावाच्या गॅरेजात काम आहे. गाड्यांखाली झोपेन."

मला इतका राग आला की मी त्याच्याकडे पाठ फिरवली. तेवढ्यात दार उघडलं. आतून माणसं एकमेकांना मिठ्या मारत बाहेर येत होती. डोरिसबाईंचा चष्मा कपाळावर गेला होता. "करार मोडायचा नाही म्हणाले न्यायाधीश. कंपनीनं आधी आपल्याशी धड बोलणीच केली नाहीत म्हणे. कुणाला जायला नको."

मी बाकावर टेकले, तोही बसला.

"रजा आजच मागे घे," मी म्हणाले.

"घेतो. पण ती ज्यासाठी दिली होती, ते सांगायचं राहिलंय."

"मग सांग."

"तू डुलुथला जाऊ नयेस, एवढंच... मंगळवार आता संपले ना."



"मी कुठेही जात नाही," मी म्हणाले. "आणि बुधवारी मला सुट्टी असते."

"उद्याच बुधवार आहे."

"माहितीये मला," म्हणत मी त्याचा हात हातात घेतला. उद्यापर्यंत कोण थांबणार होतं?